लिनक्स फुकट, डेटाबेस विकत: अडचणीच्या वेळी फोन कोण उचलणार?

सेंटओएस ह्या रेड हॅटसारख्याच फुकट लिनक्सच्या आवृत्ती ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ ला, सेंटओएस ८ बंद झालं होतं. तरीही खान्देशातल्या पतसंस्था, जिनिंग, कॉलेजं आणि दवाखान्यांमधले कितीतरी सर्व्हर अजून त्यावरच चालू आहेत. आता ते हलवायची वेळ आल्यावर डेटाबेसच्या परवान्याचा आणि सपोर्टचा प्रश्न उभा राहतो. आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या सहा शाखा आहेत. कोअर बँकिंग ओरॅकल १९सी स्टँडर्ड एडिशन २ ह्या डेटाबेसवर चालते, सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे. सॉफ्टवेअर देणारे म्हणतात, रॉकी किंवा अल्मा टाकू. दोन्ही फुकट आणि दोन्ही रेड हॅटसारखेच. ओरॅकलचा वार्षिक सपोर्ट आम्ही न चुकता भरतो. तो पुढेही मिळेल ना?
(व्यवस्थापक, पतसंस्था, चोपडा)

उत्तर: पावती मिळत राहील, मदत मिळेल याची खात्री नाही. परवाना तुम्हाला डेटाबेस वापरायचा हक्क देतो. तो कुठल्या लिनक्सवर वापरायचा याची अट त्यात नसते, त्यामुळे रॉकीवर ओरॅकल चालवल्याने परवाना मोडत नाही. सपोर्ट मात्र ओरॅकलने मान्य केलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे प्रमाणित यादीला बांधलेला असतो. १९सी साठी इंटेल-एएमडी सर्व्हरवर त्या यादीत ओरॅकल लिनक्स, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स आणि सुसे एंटरप्राइज सर्व्हर ही नावं आहेत. रॉकी, अल्मा, डेबियन, उबुंटू नाहीत. सेंटओएसही कधी नव्हतं. म्हणजे आजवर तुम्ही सपोर्टचे पैसे भरत होता ते यादीबाहेरच्या यंत्रासाठी. मोठी अडचण आली नाही म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

मार्चअखेरीला व्याज टाकताना ओआरए-००६०० ही अंतर्गत चूक आली आणि तुम्ही तक्रार नोंदवली, तर पहिल्याच माहितीत ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव जातं. ते यादीबाहेरचं दिसलं की उत्तर ठरलेलं: हीच चूक प्रमाणित लिनक्सवर घडवून दाखवा, मग बघू. ३१ मार्चच्या रात्री दुसरा सर्व्हर उभा करून चूक घडवून दाखवणं कुणाला जमणार?

आमचा सल्ला सरळ आहे, ओरॅकल लिनक्स ८ टाका. तेही फुकट उतरवता येतं आणि त्याचे अपडेटही फुकट मिळतात. पैसे लागतात ते फक्त त्या लिनक्सचा सपोर्ट हवा असेल तर. ओरॅकल लिनक्स ८ चा मुख्य आधार जुलै २०२९ पर्यंत आहे आणि १९सी चा २०२९ अखेरपर्यंत, त्यामुळे दोन्ही जवळपास बरोबरच संपतात.

चालू सर्व्हरवरच लिनक्स बदलण्याच्या भानगडीत पडू नका. सेंटओएसचं ओरॅकल लिनक्स करून देणारी स्क्रिप्ट आहे, पण ती आवृत्ती ७ ची ७ च ठेवते. नवीन यंत्रावर ओरॅकल लिनक्स ८ बसवा आणि १९सी चं प्री-इन्स्टॉल पॅकेज टाका. ते ओरॅकल नावाचा युजर, त्याचे ग्रुप, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग्ज आणि फाइल-प्रोसेसच्या मर्यादा स्वतः लावतं. हाताने लावताना यातलीच एखादी राहते आणि महिन्याभराने भोवते. त्यानंतर १९.३ चं मूळ इन्स्टॉलर. ओरॅकल लिनक्स ८ वर ते आयएनएस-०८१०१ दाखवून अडतं, कारण १९.३ निघालं तेव्हा त्याला आठ माहीत नव्हतं. सीव्ही_अझ्यूम_डिस्टआयडी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ओईएल७.८ असा ठेवला की ते पुढे सरकतं. इन्स्टॉल करतानाच अप्लाय-आरयू पर्याय देऊन ताजं रिलीज अपडेट चढवा. आठ नंबरच्या लिनक्सवर किमान १९.७ लागतं. मग जुन्या सर्व्हरवर आरमॅनने (ओरॅकलच्या बॅकअपच्या साधनाने) घेतलेला बॅकअप नव्यावर रिस्टोअर करा आणि डेटापॅच, म्हणजे अपडेटचे बदल डेटाबेसच्या आत लावणारी कमांड, चालवा. डेटापॅच विसरलं की डेटाबेस उघडतो, पण आतली डेटा डिक्शनरी (डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती) जुन्याच अपडेटची राहते.

इथे एक सावधगिरी. हाच व्हेरिएबल लावला की रॉकीवरसुद्धा १९सी सुरळीत बसतं. "बघा, चाललं ना" असं म्हणणारे बहुधा ह्याच जोरावर म्हणतात. इन्स्टॉलर पुढे गेला म्हणून यादीत नाव चढत नाही.

यंत्र बदलताना परवान्याचीही झाडाझडती घ्या. स्टँडर्ड एडिशन २ फक्त अशाच सर्व्हरवर चालतं ज्याची क्षमता जास्तीत जास्त दोन सॉकेटची, म्हणजे दोन प्रोसेसर बसवण्याएवढी, आहे. चार सॉकेटचा सर्व्हर घेऊन दोन रिकामे ठेवले तरी तो अपात्र. डेटाबेस प्रोसेसरचे एका वेळी १६ थ्रेडपेक्षा (समांतर कामांपेक्षा) जास्त वापरत नाही, म्हणून महागडा ६४ कोरचा प्रोसेसर घेऊन फायदा नाही. नेम्ड युजर प्लस, म्हणजे वापरणारे मोजून घ्यायच्या, पद्धतीचा परवाना असेल तर दर सर्व्हरला किमान १० युजर धरावे लागतात, आणि मोजणी टोकाच्या माणसाची होते. मधल्या सर्व्हरने एकाच लॉगिनने डेटाबेस उघडला तरी माणूस एक होत नाही. शाखांमधले कर्मचारी मोजले जातात, पण पिग्मी एजंट हमखास राहतात. हातातल्या मशीनवरून त्यांची वसुली ह्याच डेटाबेसमध्ये उतरत असेल तर त्यांचीही गणती होते.

चाचणीसाठी वेगळा सर्व्हर कायम चालू ठेवला तर त्यालाही परवाना लागतो. फक्त बॅकअप नीट रिस्टोअर होतो का हे पाहायला परवाना नसलेल्या यंत्रावर वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन दिवसांपर्यंत, चालवायची मुभा आहे. ती वापरा.

वार्षिक सपोर्टची रक्कम मूळ परवान्याच्या २२ टक्के असते, म्हणून संचालक मंडळात "बंद करून टाका" असा सूर निघतो. बंद करून पुन्हा सुरू करायचा झाला तर मधल्या काळाचा आकार दीडपटीने लागतो. आणि फुकटच्या एक्स्प्रेस एडिशनवर जायचा विचार असेल तर तो सोडून द्या. १२ जीबी डेटा, २ जीबी मेमरी, दोन थ्रेड ह्या मर्यादा कदाचित पुरतीलही, पण तिला सपोर्टचे पॅच मिळत नाहीत. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न: जिनिंगमध्ये वजनकाट्याचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्स्प्रेसवर, उबुंटू २२.०४ वर चालते. भर सीझनमध्ये काटापावती सेव्ह होणे बंद झाले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि डिस्कवर ४०० जीबी जागा मोकळी! सॉफ्टवेअरवाले म्हणतात डेव्हलपर एडिशन टाकून देतो, तीही फुकटच आहे.
(जिनिंग-प्रेसिंग मालक, बोदवड)

उत्तर: डिस्कचा दोष नाही. २०२२ च्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलला १० जीबीची मर्यादा आहे. एररलॉग फाइल उघडा, तिथे १८२७ किंवा ११०५ नंबरची चूक दिसेल. लॉग फाइल ह्या मोजणीत येत नाही, म्हणून ती कापून उपयोग नाही.

नुसत्या पावत्यांनी दहा जीबी भरत नाहीत. बहुधा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा फोटो टेबलातच साठत असेल. दोन फोटो मिळून ६०० केबी धरा, दिवसाला शंभर गाड्या धरा. रोजचे ६० एमबी झाले. १७० दिवसांत, म्हणजे एका भरगच्च सीझनमध्ये, मर्यादा गाठली. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, फाइलचं नाव पावती क्रमांकावरून द्या आणि टेबलात फक्त त्या फाइलचा पत्ता ठेवा. आधी पूर्ण बॅकअप, मग फोटो बाहेर, मग फोल्डरमधल्या फाइल आणि टेबलातल्या ओळी यांची संख्या जुळते का ते पाहणं, आणि त्यानंतरच टेबलातला फोटोचा रकाना रिकामा करणं. रकाना पाचशे-पाचशे ओळींच्या तुकड्यांत रिकामा करा. एका झटक्यात केला तर लॉग फाइल फुगते आणि काटा तासभर अडतो. मग त्या टेबलाचे इंडेक्स (शोधासाठी क्रमाने लावलेल्या याद्या) रिऑर्गनाइज करा, म्हणजे फोटोंनी अडवलेली जागा आतल्या आत मोकळी होते. नव्या पावत्या त्याच जागेत बसतात, श्रिंक, म्हणजे डेटा फाइल आवळून लहान, करायची गरज नाही. रोज रात्री श्रिंक लावून ठेवणारे आहेत. त्याने इंडेक्स विस्कटतात आणि सकाळी पावती निघायला वेळ लागतो. विंडोजवर फाइलस्ट्रीम ही फोटोसारखा डेटा वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची सोय असते आणि ती मर्यादेत धरली जात नाही, पण लिनक्सवरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती नाही.

डेव्हलपर एडिशन फुकट आहे हे खरं, पण धंद्याच्या रोजच्या कामाला ती वापरणं परवान्यात बसत नाही. तपासणीत अडकाल ते तुम्ही. टाकून देणारा तेव्हा समोर नसेल.

फोटो काढूनही पुरत नसेल तर दोन वाटा आहेत. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये मर्यादा ५० जीबीची झाली आहे. मेमरीची मर्यादा पूर्वीसारखीच, बफरला (वाचलेला डेटा मेमरीत धरायच्या जागेला) १४१० एमबी. एकदा २०२५ वर चढवलेल्या डेटाबेसचा बॅकअप २०२२ वर परत उतरत नाही, म्हणून सीझन संपल्यावरच हात घाला. दुसरी वाट स्टँडर्ड एडिशनची. तिचा परवाना विंडोज आणि लिनक्सला एकच. सर्व्हरचा एक आणि वापरणाऱ्या दर माणसाचा किंवा उपकरणाचा क्लायंट परवाना असं घेता येतं किंवा प्रोसेसरच्या कोअरवर, आणि कोअरवर घेतल्यास किमान चार कोरचे पैसे. काट्यावर तीन पाळ्यांत तीन माणसं एकाच संगणकावर बसत असतील तर क्लायंट परवाना माणसावर न घेता उपकरणावर घ्या, खर्च बराच उतरतो.

उबुंटू मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणित यादीत आहे, पण एलटीएसची (दीर्घ मुदतीच्या आधाराची) कुठली आवृत्ती हे दर वेळी तपासा. डेबियन तिचंच मूळ असलं तरी यादीत नाही. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो, त्यामुळे रोजचा बॅकअप लिनक्सच्या क्रॉन ह्या वेळापत्रकातून, एसक्यूएलसीएमडी ह्या कमांडने लावावा लागतो. बॅकअप आवळण्याची सोयही तिच्यात नाही. फाइल तयार झाल्यावर जीझिप करा.

प्रश्न: मी केळी व्यापारी आणि दालमिलसाठी जावामध्ये बिलिंग सॉफ्टवेअर बनवून विकतो. सोबत मायएसक्यूएल कम्युनिटी आणि त्याचा कनेक्टर (सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडणारा भाग) मीच बसवून देतो. सोर्स कोड देत नाही. मायएसक्यूएल तर ओपन सोर्स आहे, मग कुणीतरी परवान्याचे पैसे द्यावे लागतील असे का म्हणतो?
(सॉफ्टवेअर व्यावसायिक, जळगाव)

उत्तर: कारण ते जीपीएल आवृत्ती २ ह्या, वाटप केल्यास कोडही खुला करायला लावणाऱ्या, परवान्याखाली आहे आणि तुम्ही वाटप करता. मायएसक्यूएल स्वतःच्या ऑफिसात वापरा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवून वेबसाइटवरून सेवा द्या, कुणी काही मागत नाही. तुमच्या बंद सॉफ्टवेअरच्या पोटात जीपीएलचा कनेक्टर घालून पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाला दिला की मात्र तुमचा कोडही त्याच अटींखाली येतो असा दावा उभा राहू शकतो. मायएसक्यूएलची मालक कंपनी ओरॅकलने ठेवलेली सवलत ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी आहे, बंद सॉफ्टवेअरसाठी नाही. ज्याला कोड उघडायचा नाही त्याने व्यापारी परवाना घ्यावा, असा त्यांचा हिशोब.

सोपी सुटका मारियाडीबीची, म्हणजे मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या डेटाबेसची. तिचा सर्व्हरही जीपीएलच आहे, पण जावाचा कनेक्टर एलजीपीएल खाली आहे. तो बंद सॉफ्टवेअरसोबत देता येतो. सर्व्हर वेगळं पॅकेज म्हणून लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्याच रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) बसवा, तुमच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळू नका. कनेक्टरच्या परवान्याची प्रत सोबत द्या, आणि गिऱ्हाइकाला तो कनेक्टर बदलता येईल अशी जार (जावाच्या कोडची) फाइल वेगळी ठेवा. सगळं एकाच मोठ्या जारमध्ये कोंबायची सवय इथे नडते.

हलवताना दोन ठिकाणी अडखळाल. कनेक्टरच्या ३.० पासून पुढे, जोडणीचा पत्ता जेडीबीसी-मायएसक्यूएल असा सुरू होत असेल तर तो ड्रायव्हर त्याला ओळखच देत नाही. पत्त्यात मारियाडीबी लिहा किंवा परमिट-मायएसक्यूएल-स्कीम हा पर्याय जोडा. दुसरं, मायएसक्यूएल ८ चा डंप (मजकूर फाइलमध्ये काढलेला डेटा) मारियाडीबीत चढवताना १२७३ नंबरची चूक येते, अनोळखी कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि सारखेपणा ठरवायचा नियम. मायएसक्यूएल ८ मध्ये ०९००_एआय_सीआय हे कोलेशन आपोआप लागतं आणि मारियाडीबीच्या आत्ता डिस्ट्रिब्युशनमध्ये सापडणाऱ्या बऱ्याच आवृत्त्यांत ते नाही. डंपची प्रत करून त्यात सगळीकडे यूटीएफ८एमबी४_युनिकोड_५२०_सीआय असं बदला. बदलल्यावर देवनागरी नावांच्या याद्यांचा क्रम आणि युनिक रकाने तपासा. एखादं नाव आधी वेगळं धरलं जात होतं आणि आता सारखं ठरतं, असं होऊ शकतं.

मायएसक्यूएल ५.७ अजून कुणाकडे असेल तर त्याचे अपडेट ऑक्टोबर २०२३ मध्येच थांबले आणि ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. हलवायचंच आहे तर एकदाच हलवा.

प्रश्न: मिरचीच्या आडतीसाठी बनवलेले ॲप मोंगोडीबीवर आहे. जुन्या पेंटियम सर्व्हरवर डेबियन १२ टाकले, पण मोंगो सुरूच होत नाही. डेबियनच्या रिपॉझिटरीतही ते सापडत नाही. परवान्यामुळे अडते का?
(नंदुरबार)

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. रिपॉझिटरीत नाही ते परवान्यामुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोने एसएसपीएल परवाना घेतला आणि डेबियनने ते काढून टाकलं. तुम्ही मोंगो हीच सेवा म्हणून विकत नसाल तर त्या परवान्याचा तुम्हाला त्रास नाही. मोंगोच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घ्या. सुरू होत नाही ते प्रोसेसरमुळे. लॉगमध्ये 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' असं दिसत असेल. ५.० पासून पुढे प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स हा सूचनांचा संच लागतो आणि जुन्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये तो नसतो. प्रॉक्समॉक्सवरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीवरच्या) व्हर्च्युअल यंत्रात हीच चूक आली तर सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. जुनी ४.४ टाकू नका, तिचे सुरक्षा अपडेट २०२४ मध्येच थांबले.

प्रश्न: कॉलेजच्या प्रवेश नोंदणीचा पोस्टग्रेस १३ डेटाबेस सेंटओएस ७ वरून अल्मा ९ वर नेला. डेटा फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला, सगळे सुरू झाले. आता काही विद्यार्थी शोधले तर सापडत नाहीत, आणि युनिक असलेल्या नोंदणी क्रमांकाच्या दोन-दोन नोंदी झाल्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये बग आहे का? तक्रार कुठे करायची?
(संगणक विभाग, शिरपूर)

उत्तर: बग नाही. लिनक्सच्या पायाशी असलेली जीलिबसी ही लायब्ररी बदलली. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे, अल्मा ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ मध्ये, २०१८ साली, अक्षरांचा क्रम ठरवायचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. '१-१' आणि '११' हे दोन मजकूर इंग्रजी अंकांत लिहून दोन्ही यंत्रांवर सॉर्ट कमांडला द्या, लोकेल (भाषेची सेटिंग) अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ ठेवा. जुन्या यंत्रावर ११ आधी येतं, नव्यावर १-१ आधी. तुमच्या नोंदणी क्रमांकात वर्ष, शाखा आणि मध्ये आडवी रेघ असणारच.

इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. तो जुन्या क्रमाने रचलेला, आणि नवं यंत्र त्यात नव्या क्रमाने शोधतंय. नोंद असते तिथे ते पोचतच नाही. म्हणून शोध रिकामा येतो, आणि "हा क्रमांक आधी नाही" असं समजून दुसरी नोंदही स्वीकारली जाते. आकड्यांच्या आणि तारखांच्या रकान्यांना ही बाधा नाही, मजकुराच्या रकान्यांना आहे. ज्या डेटाबेसचं कोलेशन सी आहे तो सुटतो.

दुरुस्तीला नोंदणी बंद ठेवून बसा. पूर्ण बॅकअप घ्या. ॲमचेक हे एक्स्टेन्शन टाकून प्रत्येक बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचा) इंडेक्स तपासा, हीप-ऑल-इंडेक्स्ड पर्याय चालू ठेवून. कुठले बिघडलेत ते कळेल. मग त्या सत्रापुरते इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद करा आणि नोंदणी क्रमांकावर गट पाडून एकापेक्षा जास्त असलेले काढा. हे तिन्ही बंद न करता शोधलं तर तोच बिघडलेला इंडेक्स वापरला जाईल आणि दुबार नोंदी लपून राहतील. सापडलेल्या जोड्यांपैकी कुठली ठेवायची हे संगणकाला विचारू नका. प्रवेश कक्षातल्या कारकुनाला फीच्या पावत्या घेऊन शेजारी बसवा. दुबार काढून झाल्यावरच पूर्ण डेटाबेसचं रीइंडेक्स. आधी चालवलं तर युनिक इंडेक्सपाशी ते अडतं. मजकुराच्या रेंजवर पार्टिशन (टेबलाचे वेगवेगळे भाग) पाडली असतील तर ओळी चुकीच्या पार्टिशनमध्ये गेल्या आहेत का तेही बघा, ते रीइंडेक्सने सुटत नाही.

मुळात जीलिबसी बदलते तिथे फोल्डर कॉपी करायचा नसतो. पीजी-डंप घेऊन नव्यावर रिस्टोअर केलं की इंडेक्स नव्याने बांधले जातात. डेटाबेस मोठा असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे ओळींमधले बदल नव्या यंत्रावर पाठवत राहणं. पीजी-अपग्रेड (आहे त्या फाइलवरच आवृत्ती वाढवणं) आणि स्ट्रीमिंग रेप्लिका (फाइलची हुबेहूब चालती प्रत) ह्या दोन्ही वाटा ह्याच खड्ड्यात नेतात, कारण त्या इंडेक्स जसेच्या तसे उचलतात. डेबियन ९ वरून १० वर जाताना हेच घडलं होतं. आवृत्ती १३ ची मुदतही नोव्हेंबर २०२५ ला संपली आहे. डंप घेऊन थेट १६ किंवा १७ वर गेलात तर एका दगडात दोन पक्षी. १५ पासून पुढे पोस्टग्रेस स्वतःच इशारा देतं की कोलेशनची आवृत्ती जुळत नाही. तो इशारा बंद करायची कमांड रीइंडेक्सच्या आधी चालवली तर इशारा जातो आणि बिघाड राहतो.

तक्रारीचं म्हणाल तर पोस्टग्रेसचा परवाना अगदी मोकळा आहे, मागे कुठलीच कंपनी बांधील नाही, आणि अल्माचंही तसंच. पैसे देऊन मदत हवी असेल तर एंटरप्राइजडीबी, पर्कोना अशा कंपन्या ती विकतात. घेताना अल्माचं नाव आणि आवृत्तीचा आकडा त्यांच्या यादीत लेखी दाखवायला सांगा.

प्रश्न: आमची दालमिल प्रायव्हेट लिमिटेड आहे. लेखापरीक्षक म्हणतात, ऑडिट ट्रेल (हिशोबातल्या बदलांची नोंद) डेटाबेसच्या पातळीवरही दाखवा. डेटाबेस मायएसक्यूएल कम्युनिटी आहे. त्यासाठी एंटरप्राइज घ्यावे लागेल का?
(एमआयडीसी, जळगाव)

उत्तर: मायएसक्यूएलवरच राहायचं आणि ओरॅकलचंच ऑडिट प्लगइन हवं असेल तर हो, ते विकतच्या आवृत्तीत आहे. मारियाडीबीत सर्व्हर-ऑडिट नावाचं प्लगइन फुकट येतं, पोस्टग्रेससाठी पीजीऑडिट आहे. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमाला बदलाची तारीख आणि बदल हवा असतो, शिवाय ती नोंद बंद करता येता कामा नये. सर्व्हर-ऑडिट कुणी कुठली कमांड दिली ते लिहितं, पण आधीची रक्कम किती होती ते लिहीत नाही. त्यासाठी मारियाडीबीत खतावणीच्या टेबलांना सिस्टिम-व्हर्जनिंग, म्हणजे ओळीची जुनी रूपंही जपायची सोय, लावा. मग बॅकअप घेताना लक्ष ठेवा: साधा डंप हा इतिहास घेतच नाही, १०.११ पासून डंप-हिस्टरी असा पर्याय द्यावा लागतो. ऑडिटचा लॉग सिसलॉग ह्या लिनक्सच्या नोंद-सेवेमार्फत दुसऱ्या यंत्रावर पाठवा, कारण ज्याच्याकडे रूट (यंत्राचे सर्वाधिकार) आहे तो पहिल्या यंत्रावरचा पुसू शकतो. हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात, हा लॉगही तेवढाच.

प्रश्न: दवाखान्याचा डेटाबेस मारियाडीबी १०.११, डेबियन १२ वर. स्थानिक संगणकवाल्याशी वार्षिक एएमसी आहे, करारात "सर्व्हर व सॉफ्टवेअर देखभाल" एवढेच लिहिले आहे. पुरेसे आहे का?
(धुळे)

उत्तर: नाही. त्या एका ओळीत पंखा बदलणंही येतं आणि फाटलेलं टेबल जोडणंही, आणि वेळ आली की दुसरं कुणी अंगावर घेत नाही. यंत्र, लिनक्स आणि डेटाबेस ह्यांची जबाबदारी तीन वेगळ्या कलमांत लिहून घ्या. डेबियन आणि मारियाडीबीसाठी परवान्याचा खर्च शून्य आहे, तेव्हा तुम्ही देता ते पैसे निव्वळ माणसाच्या वेळेचे. १८ टक्के जीएसटी धरून तो वेळ किती तासांचा, रात्रीचा धरून की सोडून, हे विचारा. 'चार तासांत प्रतिसाद' म्हणजे फोन उचलणं की काम सुरू करणं, हेही स्पष्ट हवं. मे महिन्यात धुळ्यात सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद पडला तर यंत्र आधी झोपतं आणि डेटाबेस नंतर; तेव्हा एसीवाला, संगणकवाला आणि डेटाबेसवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

मुदती करारात घाला. मारियाडीबी १०.११ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, डेबियन १२ चा एलटीएस काळ ३० जून २०२८ पर्यंत. २०२७ मध्ये पुढच्या आवृत्तीवर नेण्याचं काम एएमसीत धरलं आहे की वेगळं बिल, हे आजच ठरवा. पुढे मोठ्या कंपनीचा सपोर्ट घ्यायचा झाला तर तो डेबियनने बांधलेल्या पॅकेजला लागू आहे की त्यांच्या स्वतःच्या, हे विचारा. बहुतेक त्यांचं पॅकेज बसवायला लावतात.

आणि दर तीन महिन्यांनी वेगळ्या यंत्रावर रिस्टोअर करून दाखवायचं कलम हवंच. मारियाडीबी-बॅकअपने घेतलेली प्रत तशीच कॉपी केली तर सर्व्हर उठत नाही. आधी त्याच साधनाचा प्रिपेअर हा पर्याय चालवून प्रत सुसंगत करायची, मग रिकाम्या डेटा फोल्डरमध्ये कॉपी-बॅक, मग फाइलची मालकी मायएसक्यूएल युजरकडे द्यायची. मालकी द्यायचं राहिलं की लॉगमध्ये परवानगीची चूक येते आणि अननुभवी माणूस बॅकअपच खराब म्हणून टाकून देतो. बॅकअपचं साधन आणि सर्व्हर एकाच आवृत्तीचे ठेवा. रिस्टोअर झाल्यावर कालच्या ओपीडीचे केसपेपर मोजून मूळ यंत्राशी जुळवा, आणि त्या कागदावर संगणकवाल्याची सही, तारीख आणि लागलेला वेळ लिहून घ्या.